लाल थरातले वीस नमुने

आयोवा सिटी
१२ मार्च १९८४

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

दिवाळीपासून तुम्हाला पत्र नाही. बातमी पक्की झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज पक्की झाली. एप्रिलमध्ये मी चीनला चालले आहे.

माझे गाइड डॉ. हॅलोरन आणि आम्ही तीन विद्यार्थी. शिआन शहराच्या उत्तरेला लोचुआन म्हणून गाव आहे. तिथे लोएसची सव्वाशे मीटर उंचीची कड उघडी पडली आहे. पुण्याला एम.एस्सी.च्या वर्गात तुम्ही ती फळ्यावर काढली होती, पिवळ्या खडूने लोएस आणि लाल खडूने मधले जुन्या जमिनीचे थर. म्हणाला होतात, "ही माती नदीने आणलेली नाही, वाऱ्याने आणली आहे. हिवाळ्यात सायबेरियाकडून कोरडा वारा सुटतो, वाळवंटातली धूळ उचलतो आणि इथे आणून टाकतो. लाखो वर्षं हेच चाललंय."

माझा विषय त्यातूनच निघाला. पिवळा थर थंड काळातला. तेव्हा हिवाळी मान्सूनचा जोर, म्हणून धूळ पुष्कळ आणि कण जाड. लाल थर उबदार काळातला. तेव्हा पाऊस बरा, गवत वाढलेलं, वारा मंद, म्हणून धूळ कमी आणि बारीक. थराथराने कण मोजत खाली गेलं तर दर काळातल्या वाऱ्याचा जोर कळायला हवा. हॅलोरनना कल्पना आवडली.

अकरा वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या हातात पहिल्यांदा कण मोजायचं पिपेट दिलंत, हे आज सारखं आठवतंय. कांचनवहिनींना नमस्कार, विनीताला प्रेम.

आपली,
उत्तरा

*

एडिसन, न्यू जर्सी
२५ मार्च १९८४

प्रिय उत्तरा,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आनंद झाला. कांचनला वाचून दाखवलं, तिने लगेच शिरा केला. तुझ्या यशाचा शिरा आम्ही तिघांनी इथे खाल्ला.

चीनला आता कुणालाही जाता येतं असं दिसतं. मी सत्तर साली विचारलं होतं तेव्हा लोक हसले होते. तुझ्या वेळेला दार उघडलं, हा नशिबाचा भाग आहे आणि नशीब लागतंच. फळ्यावरची आकृती तुला आठवते हे वाचून बरं वाटलं. ती कुणाची, हे हॅलोरनना सांगितलंस का? सांगायलाच हवं असं नाही. सहज विचारलं.

माझं इथे ठीक चाललं आहे. हायवेखाली कुठली माती घालावी आणि कुठली घालू नये हे कंपनीला मी सांगतो. तिच्यावरून मग रोज हजारो गाड्या जातात. 'तात्पुरती' म्हणून धरलेल्या या नोकरीला आता आठवं वर्ष. लोएस मी प्रत्यक्ष अजून पाहिलेलं नाही. एकदा मिसिसिपीकाठची थोडी माती बाटलीतून आली होती, तेवढीच.

जपून जा. तिकडे धुळीचा त्रास होतो म्हणतात. तुला पुण्याला असताना दम्याची तक्रार होती ना?

तुझा,
पुरुषोत्तम देवस्थळी

*

शिआन
२६ एप्रिल १९८४

आदरणीय सर,

दम्याची आठवण तुम्ही ठेवलीत. आईनंतर तेवढी काळजी तुम्हीच करता. तोंडाला फडकं बांधून काम करते आहे, काळजी नसावी.

परवा काय झालं ते तुम्हाला कळवल्याशिवाय चैन पडत नाही. सकाळी आम्ही कडेवर होतो. अकराच्या सुमाराला वायव्येकडे आभाळ आधी मातकट आणि मग पिवळं झालं. आमच्याबरोबरचे चिनी प्राध्यापक म्हणाले, खाली उतरा. उतरेपर्यंत वारा आलाच. सूर्य निळसर, दुधात पडलेल्या नाण्यासारखा दिसायला लागला. आम्ही एका घरात शिरलो. तिथली घरं लोएसच्या भिंतीतच कोरलेली असतात. घरातली बाई पातेल्यावर फडकं टाकत हसत होती. आमची तोंडं पाहून हसत असावी. दातांखाली कचकच, कानात धूळ, पापण्यांवर धूळ. मी वही उघडून उंबऱ्याजवळ ठेवली आणि पानावर बोटाने रेघ ओढली. थोड्या वेळाने पाहिलं तर रेघ बुजली होती.

सर, लोएस पडताना मी पाहिलं. वर्गात तुम्ही सांगत होता तेच, तसंच. त्या क्षणी तुम्ही तिथे असायला हवे होतात असं फार वाटलं.

आता विनंती. आमच्या लॅबमध्ये कण मोजायला नऊ महिन्यांची रांग आहे, आणि तुमच्यासारखा पिपेटवरचा हात मी इथे कुणाचाच पाहिलेला नाही. चौऱ्याऐंशी नमुने आणते आहे. प्रत्येकातली अर्धी माती तुमच्याकडे पाठवली तर कराल? हॅलोरनना विचारलं आहे. ते म्हणाले, तुझा ज्याच्यावर विश्वास त्याच्याकडे दे.

आपली,
उत्तरा

*

एडिसन
१० जून १९८४

प्रिय उत्तरा,

पत्र पोचलं. वर्णन चांगलं आहे. तुला निबंधात नेहमी चांगले मार्क असत.

कामाचं बोलू. जाड कण म्हणजे जोराचा वारा, असं तू धरून चालली आहेस. पण थंड काळात वाळवंट पसरून त्याची कड लोचुआनच्या जवळ सरकली असेल तर? मग वारा तेवढाच असला तरी जाड कण तिथे पोचणारच. वारा वाढला की वाळवंट जवळ आलं, हे एका ठिकाणच्या मातीवरून तू कसं सांगणार? हॅलोरननी हे विचारलं नाही याचं नवल वाटतं. मोठी माणसं विद्यार्थ्यांच्या कौतुकात असली की असं होतं.

नमुने पाठव. शनिवारी आमची लॅब रिकामी असते, मॅनेजरची हरकत नाही. घाई करू नकोस, मी माझ्या गतीने करीन.

तुझा,
पु. देवस्थळी

*

एडिसन
२८ जुलै १९८५

प्रिय उत्तरा,

नमुने १ ते ६४ चे आकडे तुला मार्चपर्यंत मिळाले आहेतच. तिसरा आणि शेवटचा हप्ता, ६५ ते ८४, सोबत जोडला आहे. हे वीसही तुझ्या वरून दुसऱ्या लाल थरातले. कण अपेक्षेपेक्षा जाड निघाले आहेत. अर्थ लावणं तुझं काम.

मे-जूनमध्ये कामाचा ताण होता, म्हणून उशीर.

पु. देवस्थळी

*

आयोवा सिटी
९ ऑगस्ट १९८५

आदरणीय सर,

आकडे पाहिले आणि खुर्चीतून उठले. परत बसले, परत पाहिले. गेल्या रविवारी फोन केला होता. विनीता म्हणाली, "डॅड इज इन द लॅब." रविवारीही?

लाल थराच्या मधोमध जाड कण. म्हणजे उबदार काळ चालू असताना, गवत वाढत असताना, मधेच काही हजार वर्षं हिवाळी वारा जोरात सुटला होता. असं कुणीच म्हटलेलं नाही. मी हॅलोरनना तक्ता दाखवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग एकच प्रश्न विचारला, "हाऊ गुड इज युअर मॅन इन न्यू जर्सी?" मी म्हटलं, मला जे येतं ते त्यांनी शिकवलेलं आहे.

सहा नोव्हेंबरला डेन्व्हरच्या परिषदेत हे मांडायचं ठरलं आहे. वीस मिनिटं मिळणार आहेत. विद्यापीठाच्या पत्रकात माझा फोटोही आला आहे, कात्रण वहिनींसाठी सोबत पाठवते.

तुमचा आक्षेप मी विसरलेले नाही. वाळवंटाच्या आणखी जवळची एक कड हॅलोरननी शोधली आहे. पुढच्या एप्रिलमध्ये तिथले नमुने आणायचे. दोन्ही ठिकाणचे कण शेजारी ठेवले की वारा आणि अंतर वेगळं काढता येईल. या वेळी मात्र दोघांनाच जागा आहे. डेन्व्हर चांगलं झालं तर एक माझी.

आपली,
उत्तरा

*

एडिसन
३० सप्टेंबर १९८५

प्रिय उत्तरा,

परवा इथे मंडळाचा गणपती झाला. शाळेचा हॉल घेतला होता. कांचनने तुझं कात्रण पर्समध्ये नेलं होतं, ते सगळीकडे फिरलं. वेस्ट विंडसरचे डॉक्टर गिरीश माझ्याजवळ येऊन म्हणाले, "देवस्थळी, ही तुमची विद्यार्थिनी ना? अरे वा. आणि तुम्ही हल्ली काय करता?" खिरीची वाटी माझ्या हातात होती, ती मी संपवली आणि म्हटलं, मातीचंच काम करतो. ते म्हणाले, म्हणजे बागकाम?

हे गंमत म्हणून लिहितो आहे.

डेन्व्हरबद्दल लिहिलंस. नवीन गोष्ट बोलताना माणसाने थोडं हातचं राखावं. पण तुझ्या गाइडना पटलं आहे म्हटल्यावर मी काय सांगणार.

पु. देवस्थळी

*

एडिसन
२० ऑक्टोबर १९८५

प्रिय उत्तरा,

एक तांत्रिक बाब कळवायची आहे. तिसऱ्या हप्त्याच्या वेळी कण सुटे करण्यासाठी वापरलेलं द्रावण जुनं होतं. त्यामुळे त्या वीस नमुन्यांत बारीक कण एकमेकांना चिकटून राहिले असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर ते जाड दिसतील. तुझ्याकडच्या अर्ध्या मातीवर पुन्हा मोजणी केलेली बरी. तोवर ६५ ते ८४ वापरू नयेत.

पु. देवस्थळी

*

आयोवा सिटी
१४ नोव्हेंबर १९८५

सर,

तुमचं पत्र मला आठ नोव्हेंबरला मिळालं. आत तारीख आहे वीस ऑक्टोबर. पाकिटावरचा शिक्का आहे चार नोव्हेंबरचा. परिषद सहाला होती. हे तीन आकडे मी गेले सहा दिवस पुन्हा पुन्हा वाचते आहे आणि दुसरा काही अर्थ निघतो का ते पाहते आहे.

डेन्व्हरमध्ये काय झालं ते लिहिते. मी वीस मिनिटं बोलले. तुमचे वीस नमुने पडद्यावर दाखवले. नंतर मागच्या रांगेतून एक वयस्क गृहस्थ उठले. आवाज अगदी शांत. त्यांनी विचारलं, "हाऊ वेल डिड यू डिस्पर्स दीज?" म्हणजे कण नीट सुटे केले होते का. मी म्हटलं, सर्वांत चांगल्या हाताने केलेलं काम आहे हे. ते म्हणाले, हात चांगला असेल, पण हे आकडे चिकटलेल्या मातीसारखे दिसतात, मी चाळीस वर्षं असे आकडे पाहिले आहेत. मी वाद घातला, सर. सगळ्यांसमोर तुमच्यासाठी वाद घातला.

परत आल्यावर दारात तुमचं पत्र. त्याच दिवशी मी पाच नमुने भिजत घातले, ताजं द्रावण करून. पाचही बारीक. लाल थर जसा असायला हवा तसा. मधे कुठेही वारा सुटला नव्हता.

काल हॅलोरननी सांगितलं की एप्रिलची जागा दुसऱ्याला दिली आहे. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तुमच्या घरी भिंतीवर फोन आहे. नंबर मला पाठ आहे, आणि माझा तुमच्याकडे आहे. पत्र लिहायला बसलात त्या दिवशी फोन उचलायला काय झालं होतं, एवढंच मला विचारायचं आहे.

उत्तरा

*

एडिसन
१ डिसेंबर १९८५

प्रिय उत्तरा,

तुझं पत्र ह्यांनी मला दाखवलं नाही. ते खिशात घेऊन फिरत होते. शर्ट धुवायला टाकताना सापडलं आणि मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचायची माझी पद्धत नाही, पण गेले दोन आठवडे हे घरात बोलत नव्हते.

शिक्क्याबद्दल तुला जे माहीत नाही ते मी सांगते. वीस ऑक्टोबरला हे म्हणाले, "उत्तराला महत्त्वाचं पत्र टाकायचं आहे, स्टॅम्प दे." मी दिला. पंधरा दिवसांनी मी गाडीची रजिस्ट्रेशनची पावती शोधत होते, तर ते पाकीट ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये. मी विचारलं, तर म्हणाले विसरलो. मी त्याच क्षणी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तुला फोन केला असता.

म्हणजे चार तारखेचा शिक्का माझ्यामुळे आहे. माझ्या हाताला ते लागलं नसतं तर तुला ते मिळालं असतं की नाही, ते मला सांगता येत नाही. त्यांनाही येत नसावं.

तू चीनहून पाठवलेलं धुळीच्या वादळाचं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं नव्हतं. मी नंतर ड्रॉवरमध्ये वाचलं. तोपर्यंत तुझं प्रत्येक पत्र ते जेवताना मोठ्याने वाचत. तिथून पुढे थांबलं. मला समजायला हवं होतं. इथे आल्यावर ह्यांचा गाइड दुसऱ्या वर्षी वारला, पैसे थांबले, विनीता झाली, आणि पीएच.डी. राहून गेली ती गेलीच. मी कधी त्यावर बोलले नाही, ते कधी बोलले नाहीत. मला वाटलं संपलं.

त्यांना माफ कर असं म्हणायला मी हे लिहिलेलं नाही. तुला खरं कळावं म्हणून लिहिलं. हे पत्र लिहिते आहे ते त्यांना सांगितलं आहे.

तुझी,
कांचनवहिनी

*

एडिसन
१२ जानेवारी १९८६

प्रिय उत्तरा,

फोन का उचलला नाही, असं तू विचारलंस. उत्तर द्यायला दोन महिने लागले, कारण प्रत्येक वेळी कागदावर खोटं उतरत होतं. आज जे आहे ते लिहितो.

द्रावण मी मे महिन्यात करून ठेवलं होतं. महिन्याभरात ते वापरायला हवं, हे मी तुम्हालाच शिकवत असे. जुलैच्या पहिल्या शनिवारी सिलिंडरमध्ये माती घालून हलवली. दुपारी पाहिलं तर वरचं पाणी स्वच्छ होतं. माती गोळे होऊन खाली बसली होती. सुटी झालेली माती इतक्या लवकर कधी बसत नाही. मी वहीत लिहिलं: 'वर नितळ. चिकटली. पुन्हा करणे.' आणि पुन्हा केलं नाही. मोजलं, आकडे मांडले, आणि तुला पाठवले. तुझ्याकडून फोन येईल, तू विचारशील, असं वाटत होतं. मग आपण सांगू. तू विचारलं नाहीस, कारण तुझा विश्वास होता.

तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हाच फोन करायला उठलो होतो. त्यात लिहिलं होतं, 'मी खुर्चीतून उठले.' ते वाचून माझ्या मनात काय आलं ते लिहितो. आलं की पडू दे. हिला एकदा कळू दे की सगळं असं मिळत जात नाही. हे शब्द मी मनात नेमके असेच म्हटले होते. तू माझी विद्यार्थिनी, तुझं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्या दिवशी वाटलं.

त्याआधीच सुरुवात झाली होती. वहीच्या पानावर तू बोटाने रेघ ओढलीस आणि ती बुजली, ते वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही. ते मी पाहायचं होतं. पंधरा वर्षं मी ते शिकवत होतो, बोलत होतो, आणि पाहिलंस तू. वर 'तुम्ही असायला हवे होतात' म्हणालीस. तू मनापासून म्हणालीस, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यामुळे जास्तच पोटात दुखलं.

ऑक्टोबरमध्ये अखेर पत्र लिहिलं ते धीर करून. पण गाडीत बसल्यावर वाटलं, उद्या टाकू. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटलं, उद्या टाकू. चौदा दिवस मी त्याच गाडीने पोस्टावरून गेलो. सहा तारीख उलटून गेल्यावर मी ते टाकलं असतं असं मला वाटतं. पण तुला वाटलं नाही तर मी काही म्हणू शकत नाही.

सोबत दोन गोष्टी. एक, हॅलोरनना आज पाठवलेल्या पत्राची प्रत. त्यात सर्व लिहिलं आहे, माझ्या नावानिशी, वहीतल्या नोंदीसकट. दोष मोजणाऱ्याचा आहे, तुझा नाही, आणि मोजणाऱ्याला तो ठाऊक होता, हे त्यात स्पष्ट आहे. दुसरी, माझी मूळ वही. १ ते ६४ ची प्रत्येक नोंद तीत आहे. ते काम मी नीट केलं आहे. तुला खात्री करून घ्यायची असेल तर कुठलेही नमुने उचल आणि पुन्हा मोज.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

पुरुषोत्तम

*

आयोवा सिटी
३ जून १९८६

सर,

पाच महिने लिहिलं नाही. लिहायचं नव्हतं.

वहीतले बारा नमुने मी डोळे मिटून निवडले आणि पुन्हा मोजले. बाराही तुमच्या आकड्यांशी जुळले. हॅलोरन म्हणाले, चौसष्ट वापर. लाल थराचे वीस मी नव्याने केले. आता तक्ता सरळ आहे. थंडीत जाड, उबेत बारीक. शोध वगैरे काही नाही, पण जे आहे ते खरं आहे. पेपर गेल्या आठवड्यात पाठवला.

तुमचं पत्र हॅलोरननी माझ्यासमोर वाचलं. घडी घालून म्हणाले, "ऑनेस्ट. लेट, बट ऑनेस्ट." पण एप्रिलची जागा गेली ती गेली. दुसरा विद्यार्थी वाळवंटाजवळची कड पाहून आला. परवा त्याने स्लाइड्स दाखवल्या. वादळ त्यालाही लागलं. तो सांगत होता, सगळे ऐकत होते, आणि मी दिवे लागायच्या आत उठून बाहेर गेले. स्वच्छतागृहात तोंड धुताना आरशात पाहिलं तेव्हा तुमचं जानेवारीचं पत्र आठवलं. मला ते आठवायला नको होतं.

ते पत्र मी तोवर एकदाच वाचलं होतं. त्या दिवशी पुन्हा वाचलं.

पदवी एक वर्ष पुढे गेली आहे. त्या वर्षात मी इथलंच लोएस करते आहे, पश्चिम आयोवात, मिसूरी नदीच्या काठी. हिमयुगात नदीच्या कोरड्या पात्रातली धूळ हिवाळी वाऱ्याने उचलली आणि काठावर टेकड्या उभ्या केल्या. चीनइतकं जुनं नाही, पण नदीपासून पूर्वेकडे जाताना कण कसे बारीक होत जातात ते पावलापावलाने मोजता येतं. तुमचा अंतराचा प्रश्न इथे सुटेल.

ऑगस्टमध्ये दहा दिवस ओनावा गावी आहे. कड खणायला माणूस हवा. पाहिजे तर या. वहिनींशी फोनवर बोलले आहे.

उत्तरा

*

ओनावा, आयोवा
१४ ऑगस्ट १९८६

प्रिय कांचन,

सुखरूप पोचलो. मोटेल स्वच्छ आहे. आज तिसरा दिवस.

पहिल्या दिवशी उत्तरा स्टेशन वॅगन घेऊन आली. केस बारीक कापले आहेत, वाळली आहे. नमस्कार केला नाही, मीही अपेक्षा ठेवली नव्हती. तीस मैल आम्ही मक्याबद्दल बोललो. मग एका वळणावर तिने गाडी थांबवली आणि म्हणाली, "हे."

रस्त्यासाठी टेकडी कापली आहे, तिथे ती उभी होती. पन्नास फूट, भिंतीसारखी सरळ, फिकट पिवळी. मी तळहात टेकवला. पिठासारखी माती, हाताला लागते आणि तरी उभी राहते. सत्तेचाळीसाव्या वर्षी मी पहिल्यांदा तिच्यासमोर उभा होतो. उत्तरा गाडीतून सामान काढत राहिली, माझ्याकडे तिने पाहिलं नाही. ते तिने मुद्दाम केलं असं मला वाटतं, आणि मला त्याची गरज होती.

काम असं असतं: कडेचा वाळलेला बाहेरचा भाग फावड्याने सोलून काढायचा, म्हणजे आतली ताजी माती दिसते. मग वरपासून खालपर्यंत हाताहाताच्या अंतराने पिशव्या भरायच्या. सोलायचं काम माझं. पाठ धरली आहे. तू दिलेलं मलम उपयोगी पडतंय.

काल मी विचारलं, "मोजणी कोण करणार?" ती लेबलं लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "मी. सगळी." मी बरं म्हटलं. यापुढे ती मला पिपेटला हात लावू देणार नाही. ती म्हणते तसंच करायला हवं.

आज दुपारी सावलीत डबे उघडले. तिने अचानक सांगितलं की पुढच्या एप्रिलमध्ये ती चीनला जाते आहे. हॅलोरनच्या शेजारची जागा तिची, या वेळी पक्की. महिनाभर राहणार. माझ्या हातात तू करून दिलेला पराठा होता. तो मी खाली ठेवला. कांचन, मला वाटलं होतं की एवढं सगळं झाल्यावर ते गेलं असेल. गेलेलं नाही. तेच, तिथेच, तसंच.

या वेळी मी गिळून टाकलं नाही. म्हटलं, "उत्तरा, तू जाणार हे ऐकून मला त्रास होतो आहे. तुला सांगून ठेवतो."

तिने घास संपवला. मग म्हणाली, "मला दिसलं, सर. तुमचा चेहरा लपत नाही, पत्रात लपत होता. मलाही त्या मुलाच्या स्लाइड्स अजून पाहवत नाहीत." डबा झाकून उठली आणि फावडं माझ्याकडे दिलं. "तोंडावर सांगत जा. आता तो वरचा भाग सोला. चारच्या आत वारा वाढेल आणि सगळं डोळ्यांत जाईल."

मी शिडीवर चढलो. तीन वाजून गेले होते आणि अजून बारा फूट राहिले होते.

तुझा,
पुरुषोत्तम